पहिला ट्रक घेण्याआधी

मित्रा, ट्रकांची छोटी मॉडेलं जमवायची तर आधी स्केल (मॉडेल खऱ्या ट्रकच्या किती पट लहान, ते) ठरव, ट्रक नंतर. ट्रेलरसकट १८ मीटर लांबीचा ट्रक १:६४ मध्ये साधारण २८ सेंटिमीटर होतो, १:४३ मध्ये ४२ आणि १:१८ मध्ये थेट एक मीटर! त्यामुळे कपाट मोजून घे.

सुरुवात मी तरी स्पीलबर्गच्या १९७१ च्या 'ड्युएल' चित्रपटातल्या टँकरनेच करायला सांगेन. तो १९५५ चा पीटरबिल्ट २८१, पीटरबिल्ट हा अमेरिकन ट्रकचा ब्रँड. लांब निमुळतं बॉनेट आणि दोन तुकड्यांची पुढची काच नीट बघ. बंपरवर वेगवेगळ्या राज्यांच्या नंबरप्लेट हव्यातच. त्या नसतील तर तो नुसता पीटरबिल्ट, 'ड्युएल'चा नव्हे. चकचकीत रंगाचा मिळाला तर सोडून दे, कारण त्या ट्रकची सगळी दहशत त्याच्या गंजात आणि काजळीत आहे. हात बसला असेल तर साधं मॉडेल घेऊन गंज स्वतः चढव, फार समाधान मिळतं. 'कॉन्व्हॉय' चित्रपटातला काळा मॅक (हाही ट्रकचाच ब्रँड) नंतर घे.

खोका फेकू नकोस. उन्हात डेकल, म्हणजे मॉडेलवर चिकटवलेली अक्षरं-चित्रं, फिकट होतात. पावसाळ्यात कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेव. आणि रबरी टायर प्लॅस्टिकच्या फळीवर महिनोन्‌महिने टेकलेले राहू देऊ नकोस, डाग पडतात. माझ्या दोन ट्रकांखाली पडलेत, अजून निघालेले नाहीत.