‘स्वसंरक्षण’ की ‘खाजगी बचाव’?

प्रश्न असा आहे: बातम्यांत ‘स्वसंरक्षणार्थ वार केला’ असं वाचतो, वकील मात्र ‘खाजगी बचावाचा हक्क’ म्हणतात. दोन्ही एकच का? आणि यात ‘खाजगी’ ते काय?

एकच नाहीत. ‘स्वसंरक्षणा’तला ‘स्व’ कायद्याला तोकडा पडतो. शेजारच्या काकूंची पोत हिसकावणाऱ्याला तुम्ही ढकलून पाडलंत, तर त्यात तुमचा ‘स्व’ कुठेच नाही, तरी हक्क तुमच्याकडे आहेच. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५ प्रमाणे स्वतःच्या तसाच दुसऱ्या कुणाच्याही शरीराचा बचाव करता येतो. चोरी, जबरी चोरी, आगळीक (म्हणजे मुद्दाम केलेली नासधूस) आणि फौजदारीपात्र अतिक्रमण यांपासून मालमत्तेचाही, मग ती आपली असो की परक्याची. या संहितेने जिची जागा घेतली त्या १८६० च्या दंड संहितेत हेच कलम ९७ होतं.

‘खाजगी’ इथे ‘सरकारी’च्या उलट अर्थी आहे, गुपित किंवा घरगुती असा अर्थ नाही. बळ वापरणं हे एरवी सरकारचं काम. पोलिसांकडे धाव घ्यायला सवडच नसते तेव्हा ते साध्या माणसाच्या हाती येतं. म्हणून कलम ३७ दोन मर्यादा घालतं: सरकारी संरक्षण मागायला वेळ असेल तर हा हक्क नाही, आणि बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही.

‘बचाव पक्ष’ यातला बचाव वेगळा. तो कोर्टातला युक्तिवाद. त्यामुळे ‘बचाव पक्षाने खाजगी बचावाचा मुद्दा मांडला’ हे वाक्य चमत्कारिक वाटलं तरी बिनचूक आहे.

मला खरी खुपते ती ‘माफ’ची चूक. ‘जीव वाचवण्यासाठी मारलं म्हणून कोर्टाने माफ केलं’ असं सर्रास बोललं जातं. माफीला आधी गुन्हा घडावा लागतो. कलम ३४ तर सांगतं की हा हक्क बजावताना केलेली कृती मुळात गुन्हाच नाही. (जुन्या संहितेत कलम ३४ म्हणजे समान इरादा, म्हणजे अनेकांनी एकाच हेतूने मिळून केलेला गुन्हा; १ जुलै २०२४ ला नवी संहिता लागू झाल्यापासून आकडा तोच, अर्थ निराळा. जुनी बातमी वाचताना गफलत होते.) तेव्हा ‘निर्दोष ठरवलं’ म्हणावं.

बातमीत मी नुसतं ‘बचावासाठी’ लिहीन. पण पकडलेल्या चोराला, ऐवज परत मिळाल्यावर, खांबाला बांधून झोडपलं, तर तिथे हा शब्द अजिबात वापरू नये. त्याला मारहाणच म्हणायचं.