पंप स्टार्ट करताना घाई नको
भावा, आधी पंप कुठला ते बघ. साधा सेंट्रीफ्युगल (फिरत्या पंख्याने पाणी फेकणारा) असेल तर सक्शन (पाणी आत येतं त्या बाजूचा) व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेव, हवा काढून प्राइमिंग कर (म्हणजे पंप पाण्याने भरून घे), डिस्चार्ज (पाणी बाहेर जातं त्या बाजूचा व्हॉल्व्ह) जवळजवळ बंद ठेवून स्टार्ट दे नि प्रेशर आलं की हळूहळू उघड, म्हणजे मोटरवर एकदम लोड येत नाही, पण तसाच बंद ठेवून गप्पा मारत बसलास तर आतलं पाणी तापतं आणि सील (शाफ्टजवळची गळती अडवणारा भाग) जातं. गिअर पंपाला (दातेरी चाकांनी ढकलणाऱ्या) हे उलटं, तिथे डिस्चार्ज बंद ठेवून स्टार्ट कधीच नाही!

आत खडी फिरल्यासारखा आवाज आला तर बहुतेक कॅव्हिटेशन (आत वाफेचे बुडबुडे होऊन फुटतात ते), स्ट्रेनर (सक्शनची जाळी) चोक झालाय का बघ. फ्लो कमी करायला सक्शन व्हॉल्व्ह बंद करत आणू नको. आणि ग्लँड पॅकिंगमधून (शाफ्टभोवती गळती अडवायला भरलेल्या दोरीतून) थेंब थेंब पडायलाच हवं, ते बघून नट आवळणारे लय भेटतात, मग शाफ्टवरची स्लीव्ह (नळी) घासते.