पृथ्वीच्या प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या खडकाच्या जाड थरात, ऑलिव्हिन या मॅग्नेशियम-लोहाच्या हिरव्या खनिजापासून पाणी धरून ठेवणारी खनिजं कशी बनतात? खाली खरंच समुद्र आहे का?

समुद्राचं आधी मिटवू. खाली लाटा-बिटा काही नाहीत. तिथलं पाणी हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) होऊन स्फटिकात अडकलेलं असतं.

मी मुंबईत भूविज्ञान शिकवतो. मुलांना सांगतो, आपल्या बिल्डिंगच्या लिफ्टभोवतीचा हिरवा मार्बल बघून या. राजस्थानात केसरियाजीकडून येणारा हा दगड मुळात संगमरवर नाहीच, सर्पेंटिनाइट आहे. मॅग्नेशियमने भरलेला खडक पाणी पिऊन जे होतो ते. मिस्त्री मात्र तो ओल्या सिमेंटवर बसवायला कचरतात, वाकतो म्हणून. एवढं पाणी पोटात असून ही तऱ्हा!

ऑलिव्हिनचं असंच होतं. समुद्रतळाच्या भेगांतून पाणी प्रावरणाच्या वरच्या भागात झिरपतं. रेणूंच्या हिशेबात ऑलिव्हिनचे दोन भाग आणि पाण्याचे तीन, यांतून सर्पेंटाइन (त्या हिरव्या दगडातलं मुख्य खनिज) आणि ब्रुसाइट (मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड) तयार होतात. सर्पेंटाइनच्या वजनात सुमारे 13 टक्के पाणी असतं. ऑलिव्हिनमधलं बरंचसं लोह पाण्यातला ऑक्सिजन ओढून मॅग्नेटाइट (लोहाचं चुंबकीय ऑक्साइड) बनतं आणि हायड्रोजन सुटतो. अटलांटिकच्या तळाशी 2000 साली सापडलेल्या 'लॉस्ट सिटी'च्या झऱ्यांत हाच हायड्रोजन आहे. शिवाय खडक फुगतो, फुगला की तडकतो, आणि नव्या तड्यांतून पाणी आणखी आत जातं.

पुढे भूपट्ट खाली बुडाला की 600-700 अंश सेल्सियसच्या आसपास सर्पेंटाइन मोडतं आणि पुन्हा ऑलिव्हिन होतं. सुटलेल्या पाण्यामुळे वरचं प्रावरण कमी तापमानाला वितळतं. जपान-इंडोनेशियाचे ज्वालामुखी त्यातलेच.

थोडं पाणी तरीही खोल जातं. 410 किलोमीटरवर दाबाने ऑलिव्हिनचं वॉड्सलेआइट होतं, 520 च्या सुमारास रिंगवुडाइट. सूत्र तेच, रचना जास्त घट्ट. घट्ट रचनेत पाणी कमी मावेल असं वाटतं ना? उलट आहे. मॅग्नेशियमच्या रिकाम्या जागी हायड्रोजन बसतो आणि वजनाच्या 2-3 टक्क्यांपर्यंत पाणी मावतं. 660 किलोमीटरला रिंगवुडाइटही मोडतं.

ब्राझीलच्या जुइनाच्या एका हिऱ्यात रिंगवुडाइटचा कण सापडल्याचं 2014 मध्ये जाहीर झालं, केसाच्या जाडीहून लहान, त्यात सुमारे दीड टक्का पाणी. हिरा मळकट तपकिरी. बीकेसीच्या हिरेबाजारात कुणी ढुंकूनही पाहिला नसता. बातम्यांतला 'समुद्र' आला तो इथून. शितावरून भाताची परीक्षा ठीक, पण तेव्हा हाती शीत एकच होतं. 2022 मध्ये बोट्स्वानाच्या हिऱ्यात रिंगवुडाइट मिळालं, तोही 660 च्या सीमेजवळचा.