ग्रँट कमिटीवर जातेयस ना, मग हे वाच

अगं, तुझा मेसेज वाचला, बरं वाटलं. तुमच्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या एज्युकेशन फाउंडेशनने, म्हणजे तिथल्या सरकारी शाळांसाठी वर्गणी काढणाऱ्या संस्थेने, तुला त्या पैशाचं वाटप ठरवणाऱ्या ग्रँट कमिटीवर घेतलंय आणि तू मलाच विचारतेयस की काकू, मला मूल नाही बाळ नाही, शाळा माझी सगळी भारतात झाली, मला यातलं काय कळणार. कळेल गं. उलट मूल त्या शाळेत नाही हे बरंच आहे, कमिटीवरच्या बाकीच्यांचा एक डोळा कायम आपल्या पोराच्या शाळेवर असतो.

आधी हे प्रकरण आलं कुठून ते बघ, कारण आपल्या लोकांना वाटतं अमेरिकेत सरकारी शाळेला कसली आलीय पैशाची चणचण. आपल्या कॅलिफोर्नियात जून १९७८ मध्ये प्रपोझिशन १३ हा कायदा लोकांच्या मतदानाने पास झाला. घराचा प्रॉपर्टी टॅक्स किमतीच्या १ टक्क्यावर बांधून टाकला आणि घर विकलं जाईपर्यंत ती किंमत कागदावर वर्षाला २ टक्क्यांच्या वर चढवायची नाही असं ठरलं, आणि शाळांचा मोठा आधार नेमका तोच टॅक्स होता. त्याच्या थोडं आधी सेरानो केसमध्ये राज्याच्या कोर्टाने सांगितलेलं की श्रीमंत गावातल्या पोरांच्या शाळेला भरपूर आणि गरीब गावातल्यांना उरलंसुरलं हे चालणार नाही. दोन्ही मिळून तिजोरीची किल्ली गेली सॅक्रामेंटोला, म्हणजे राज्य सरकारकडे, आता गावाने स्वतःहून शाळेसाठी पार्सल टॅक्स, म्हणजे जमिनीच्या प्रत्येक तुकड्यामागे जादा कर, लावायचा म्हटला तर साधारण दोन तृतीयांश मतं लागतात, ती काय सहज पडतात का. मग कात्री लागली म्युझिकला, आर्टला, लायब्ररीला, आणि पालकांनी आणि गावातल्या दुकानदारांनी वर्गणी काढायला फाउंडेशनं काढली. सॅन फ्रान्सिस्को एज्युकेशन फंड १९७९ चा आहे, म्हणजे पुढच्याच वर्षी.

म्हणून हा पैसा सुरुवातीपासून भोक बुजवायचा आहे, आणि भोक मोठं आहे. डिस्ट्रिक्टच्या चालू खर्चातले साधारण ८० टक्के पगार आणि बेनिफिट्समध्येच जातात. तुमची वर्षाची सगळी वर्गणी एका बाजूला आणि ते बजेट एका बाजूला ठेवून बघ एकदा, वेबसाइटवर पीडीएफ असतं, म्हणजे "आपण शाळा वाचवतोय" वगैरे भाषणं झाली तरी तुझं डोकं जागेवर राहील. काही श्रीमंत गावांत फाउंडेशन चक्क शिक्षकांचे, काउन्सेलरचे पगार देतं, पण तिथे वर्षाला लाखो डॉलर जमतात आणि ज्या वर्षी शेअर मार्केट पडतं त्या वर्षी सगळे धास्तावतात. तुमचं तसलं नाही. तुमच्याकडे आहे छोटा पैसा, आणि त्याची खरी किंमत अशी की डिस्ट्रिक्टला ज्या गोष्टीला फॉर्म, मंजुरी, पर्चेस ऑर्डर करत वर्ष जातं ती तुम्ही सहा आठवड्यांत एखाद्या वर्गात पोचवू शकता.

आता अर्ज कसे वाचायचे. मिनी ग्रँटचे, म्हणजे छोट्या रकमांचे, अर्ज बहुतेक शिक्षकच करतात, पाचशे, हजार, दोन हजार डॉलरचे. कळकळ सगळ्यांच्याच अर्जात असते, म्हणून वरचा निबंध नंतर वाच आणि आधी बजेटचा तक्ता बघ. आमच्याकडे एकदा एकाच गठ्ठ्यात दोन अर्ज होते. एकात थ्रीडी प्रिंटर हवा होता आणि लिहिलेलं काय तर "एकविसाव्या शतकातली कौशल्यं", खाली एकच ओळ, प्रिंटरची किंमत. फिलामेंट कोण आणणार, बिघडला तर कोण बघणार, तीस पोरांत एक प्रिंटर म्हणजे एकेकाची पाळी कधी येणार, काही नाही. दुसरा एका प्राथमिक शाळेच्या बाईंचा, युकुलेलेसाठी. त्यात युकुलेले होत्याच, पण पुढे जादा तारांची पाकिटं, भिंतीवर टांगायचे हुक, शिपिंग, सेल्स टॅक्स, आणि शेवटी लिहिलेलं की अर्धेच पैसे मिळाले तर अर्ध्याच घेईन आणि दोन पोरांत एक देईन. हुक बघितल्यावर माझं मत तिथेच ठरलं, ज्या बाईने वाद्य ठेवायचं कुठे याचा विचार केलाय ती पुढच्या वर्षीही ते वाजवून घेणार. प्रिंटरवाल्यांना सरळ नाही म्हणू नका, फोन करा, विचारा, कधीकधी माणूस चांगला असतो आणि फॉर्म भरायलाच वेळ मिळालेला नसतो.

आणि कमिटीत हे विचारायला लाजू नकोस की हे डिस्ट्रिक्टचंच काम नाही का? पाठ्यपुस्तकं, स्पेशल एज्युकेशनच्या मुलांना कायद्याने द्यायलाच लागणाऱ्या गोष्टी, गळकं छप्पर, हे तुमच्या पैशातून करायला लागलात की डिस्ट्रिक्ट निवांत होतं आणि पुढच्या वर्षी ती ओळ बजेटमधून गुपचूप गायब होते.

त्यापेक्षा नाजूक भाग म्हणजे कुठली शाळा अर्जच करत नाही. गठ्ठा आला की शाळेप्रमाणे लाव. टेकडीवरच्या शाळेचे नऊ अर्ज आणि फ्रीवेच्या पलीकडच्या शाळेचा एकही नाही असं दिसलं तर त्या शाळेला गरज नाही असं नसतं गं, तिथल्या टीचर्सना संध्याकाळी दुसरी नोकरी असते किंवा त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. सांता मोनिका-मालिबू डिस्ट्रिक्टचं बघ, मालिबूच्या एका प्राथमिक शाळेत पालक मुलामागे दोन हजार डॉलरच्या वर जमवत होते आणि त्याच डिस्ट्रिक्टच्या सांता मोनिकामधल्या एका शाळेत शंभरसुद्धा नाही. २०११ मध्ये तिथल्या स्कूल बोर्डाने ठरवलं की स्टाफचा आणि मोठ्या प्रोग्रामचा पैसा एकाच फाउंडेशनने गोळा करायचा आणि सगळ्या शाळांत वाटायचा, तर मालिबूकर असे भडकले की आमचं डिस्ट्रिक्टच वेगळं करा म्हणाले. पोर्टलंडला वेगळी तऱ्हा होती, शाळेच्या फाउंडेशनने पहिले १०,००० डॉलर ठेवायचे आणि त्यावरच्या रकमेचा एक तृतीयांश कॉमन फंडात टाकायचा. मला वाटणीची कल्पना पटते, कुणाला नाही पटत, पण तुमच्याकडे निदान वाटपाचा नकाशा तरी दरवर्षी बोर्डापुढे ठेवायला लाव.

स्कॉलरशिपचं वेगळं बोलते कारण तिथे आपल्या लोकांचं चुकतं. आपल्याला मार्क दिसतात. ४.३ जीपीए, रोबोटिक्स, पियानो, झालं, देऊन टाका. अगं त्या पोराला कुठूनही मिळणार आहे. जो कम्युनिटी कॉलेजला जाऊन वेल्डिंग किंवा नर्सिंग करणारे, ज्याला टूल्सचे, युनिफॉर्मचे, बसपासचे पैसे हवेत, त्याच्यासाठी हजार डॉलर म्हणजे जाणं किंवा न जाणं असतं. फॉर्मवर सोशल सिक्युरिटी नंबर मागू नका, कागदपत्रं नसलेल्या काही घरांत त्या एका रकान्यापाशी फॉर्म मिटून ठेवतात. आणखी एक भानगड असते, बाहेरची स्कॉलरशिप आली की काही कॉलेजं स्वतःची मदत तेवढीच कमी करतात, म्हणजे तुमचे पैसे गेले कॉलेजच्या खिशात, पोरगं होतं तिथेच. मेरीलँडने २०१७ मध्ये आपल्या सरकारी कॉलेजांना यावर लगाम घातला, कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये कायदा केला पण तो पेल ग्रँट (गरजू मुलांना केंद्र सरकारची मदत) किंवा ड्रीम अॅक्टची (कागदपत्रं नसलेल्या मुलांना राज्याची) मदत मिळू शकणाऱ्या मुलांपुरता. म्हणून पत्रासोबत दोन ओळी घाला की कॉलेजच्या एड ऑफिसला, म्हणजे आर्थिक मदत बघणाऱ्या ऑफिसला, आधी विचार, कापायचंच असेल तर लोन आणि वर्कस्टडीतून (शिकताना करायच्या नोकरीच्या पैशातून) कापा म्हणावं.

पैसे गोळा करण्यावर जास्त बोलत नाही, तुझं ते काम नाही. फक्त फ्लायरवर "प्रत्येक मुलामागे इतके डॉलर द्यायचेच" असं कुणी लिहिलं तर थांबव, इथे सरकारी शाळेला शिक्षणाची फी मागता येत नाही, १९८४ च्या हार्टझेल निकालात अवांतर कार्यक्रमांचीसुद्धा नाही असं सुप्रीम कोर्टाने, म्हणजे राज्याच्या, सांगितलंय. देणगी ऐच्छिक आहे हे ठळक लिहायचं. २५० डॉलर किंवा त्यावर दिलेल्यांना पावतीचं पत्र वेळेत गेलं पाहिजे. आणि मंडळाच्या दिवाळीत आपले टेकवाले उत्साहाने चेक देतात पण कंपनीचं मॅचिंग, म्हणजे तेवढीच रक्कम कंपनीनेही द्यावी म्हणून करायचा अर्ज, भरायला विसरतात, दहा मिनिटांचं काम, तेवढं मात्र तू मागे लागून करून घे, तिथे तुझं वजन चालेल.

पहिल्या मीटिंगआधी खजिनदाराकडून फॉर्म ९९०, म्हणजे संस्था टॅक्स खात्याला दरवर्षी देते तो हिशेब, माग, तो तसाही पब्लिक असतो, आणि सेक्रेटरीकडून मागच्या दोन वर्षांचे नाकारलेले अर्ज माग. मंजूर झालेले सगळेच दाखवतात. नाकारलेले वाचलेस की कमिटीला काय आवडत नाही, कुणाचं नाव बघून मान हलते, हे एका संध्याकाळीत कळेल, मग मला फोन कर, रविवार सोडून कधीही.

काकू