ड्रमवरचे लेबल: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न वडोदऱ्याजवळच्या मकरपुरा, नंदेसरी आणि पोर-रमणगामडीच्या लहान कारखान्यांतून आले आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमचे थिनर मिसळण्याचे छोटे युनिट आहे. एका मालात वजनाने टोल्युइन ६०, इथाइल अॅसिटेट २५ आणि ब्युटाइल अॅसिटेट १५ टक्के जाते. आजवर ड्रमवर ‘थिनर, ज्वलनशील’ एवढेच लिहीत आलो. आता बाहेर माल पाठवणाऱ्या ग्राहकाने जीएचएसप्रमाणे लेबल मागितले आहे. तिन्ही कच्च्या मालांच्या सेफ्टी डेटा शीटमधली (मालासोबत येणाऱ्या सुरक्षा-माहितीपत्रकातली) सगळी वाक्ये एका लेबलवर उतरवली तर चालेल का?

नाही चालणार. मिश्रणाचे वर्गीकरण मिश्रणाचेच करायचे असते. घटकांच्या वाक्यांची बेरीज केली की काही वाक्ये फुकटची येतात आणि लेबल इतके भरते की कोणी वाचत नाही. जीएचएस ही रसायनांचे धोके वर्गवार ठरवून लेबलवर दाखवण्याची, संयुक्त राष्ट्रांनी २००३ साली प्रसिद्ध केलेली पद्धत. युरोपात ती १२७२/२००८ या नियमावलीने बंधनकारक आहे, आणि ग्राहकाला बहुधा तेच लेबल हवे आहे.

प्रत्येक शीटचे तीन विभाग उघडा: दुसरा (धोके), तिसरा (घटक) आणि नववा (भौतिक गुणधर्म). दुसऱ्या विभागात टोल्युइनपुढे एच २२५ (‘एच’ म्हणजे धोक्याच्या ठरलेल्या वाक्याचा क्रमांक), ३०४, ३१५, ३३६, ३६१डी आणि ३७३ दिसतील. इथाइल अॅसिटेटपुढे २२५, ३१९, ३३६, तर ब्युटाइल अॅसिटेटपुढे २२६ आणि ३३६.

आधी आग. फ्लॅश पॉइंटची (ज्या तापमानाला द्रवाची वाफ ठिणगीने पेटू शकते त्याची) सरासरी काढायची नसते, हलका घटकच तो खाली ओढतो. इथाइल अॅसिटेटचा उणे ४ अंश, टोल्युइनचा ४ अंश. मिश्रण बंद कपाच्या पद्धतीने तपासून घ्या, पण आकडा २३ अंशांच्या खालीच येणार हे उघड आहे. उकळायला सुरुवात ३५ अंशांच्या बरीच वर होते, म्हणून ज्वलनशील द्रव, श्रेणी २, वाक्य एच २२५. त्याच धोक्याचे सौम्य वाक्य २२६ आपोआप गळते.

मग आरोग्य. इथे टक्केवारीच्या मर्यादा चालतात. गिळल्यावर फुप्फुसात शिरण्याचा धोका (३०४) घटक १० टक्के किंवा जास्त असला आणि द्रव पातळ असला की लागतो, म्हणजे चाळीस अंशांवर श्यानता (दाटपणा) २०.५ चौरस मिलिमीटर प्रतिसेकंद किंवा कमी. थिनर त्याहून कितीतरी पातळ, तेव्हा लागलाच. त्वचेची जळजळ (३१५) १० टक्क्यांपासून, लागली. डोळ्यांची जळजळ (३१९) १० टक्क्यांपासून, इथाइल अॅसिटेट २५ असल्याने लागली. गुंगी (३३६) आणणारे घटक मिळून २० टक्के झाले की लागते, तुमचे तर शंभर आहेत. पोटातल्या बाळाला इजा होण्याची शंका (३६१डी) ३ टक्क्यांपासून. दीर्घ संपर्काने अवयवांना इजा (३७३) १० टक्क्यांपासून. दोन्ही लागल्या.

म्हणजे लेबलवर तीन चिन्हे: ज्योत, छातीवर चांदणी असलेली मानवाकृती, आणि उद्गारचिन्ह. इशाऱ्याचा शब्द एकच, ‘धोका’. सावधगिरीची वाक्ये साधारण सहाच्या पुढे नेऊ नका. ठिणगी-उष्णतेपासून दूर ठेवणे, ओतताना दोन्ही भांड्यांना अर्थिंग, हातमोजे-चष्मा, हवेशीर थंड जागा, आणि ‘गिळल्यास ताबडतोब डॉक्टर, उलटी करवू नका’ ही पाच तर हवीतच. उलटीचे वाक्य शोभेचे नाही. घशातून वर येताना पातळ द्रव फुप्फुसात शिरतो, आणि ती इजा पोटातल्यापेक्षा वाईट असते. घरगुती उपाय म्हणून मिठाचे पाणी पाजणारे अजून आहेत, म्हणून हे वाक्य गुजराती-हिंदीतही छापा.

वाहतुकीसाठी हा माल यूएन १२६३ (रंग-थिनरचा संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक), वर्ग ३ (ज्वलनशील द्रव), पॅकिंग गट २ (मध्यम धोका). एक जोड: टोल्युइन १० टक्क्यांच्या खाली आणले तर ३०४, ३१५ आणि ३७३ गळतात, ३ च्या खाली आणले तर ३६१डीही. फॉर्म्युला बदलला की लेबलची फाइल पुन्हा उघडायची, ती याचसाठी.

प्रश्न: कॉस्टिक फ्लेक्सच्या (सोडियम हायड्रॉक्साइडच्या) पिशवीवर गंज-क्षरणाचे चिन्ह आहे. आम्ही धुण्यासाठी त्याचे १० टक्के, ३ टक्के आणि १ टक्का अशी तीन द्रावणे करतो. तिन्ही कॅनवर तेच लेबल लावावे का?

सोडियम हायड्रॉक्साइडसाठी युरोपीय यादीत खास मर्यादा ठरलेल्या आहेत. ५ टक्के आणि त्यावर तीव्र दाहक, उपश्रेणी १ए. २ ते ५ टक्के तरीही दाहक, पण १बी. दोन्हींना वाक्य एच ३१४, शब्द ‘धोका’. ०.५ ते २ टक्के म्हणजे त्वचा आणि डोळ्यांची जळजळ, ३१५ आणि ३१९, चिन्ह उद्गाराचे, शब्द ‘सावधान’. तेव्हा तुमच्या १० आणि ३ टक्क्यांच्या कॅनवर क्षरणाचे चिन्ह, १ टक्क्याच्या कॅनवर उद्गारचिन्ह.

पीएच पट्टी एक टक्क्यालाही १३ च्या आसपास रंग दाखवते, म्हणून कोणी म्हणेल की ११.५ च्या वर सगळे दाहकच. तो सर्वसाधारण नियम आहे. पदार्थाला स्वतःची मर्यादा ठरलेली असेल तर तीच पाळायची.

मात्र द्रावणाचा टक्का मोजून झालेला असावा, अंदाजाने नको. १०० किलो १० टक्के द्रावणाला ९० किलो पाणी आणि १० किलो फ्लेक्स. आधी पाणी, मग फ्लेक्स थोडे थोडे, ढवळत. उलटे केले तर तळाशी गोळा बसतो, उष्णता साठते आणि द्रावण उसळून तोंडावर येते. बादली अॅल्युमिनियमची नको. कॉस्टिक त्यातून हायड्रोजन काढते. शीटवर एच २९०, म्हणजे धातूला क्षरणकारक, असे लिहिलेले असते ते यासाठी, पण हे वाक्य बहुतेक जण गाडीच्या पत्र्यापुरते समजतात. कॅनच्या लेबलवर टक्केवारी, केल्याची तारीख आणि डोळ्यात गेल्यास निदान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने धुण्याची सूचना, एवढे तरी असू द्या.

आणि पाण्याच्या रिकाम्या बाटलीत कुठलेही द्रावण भरू नका. त्यावर कितीही मोठे लेबल लावा, तहानलेला माणूस लेबल वाचत नाही.

प्रश्न: आमच्या गोदामात हायपोच्या (सोडियम हायपोक्लोराइटच्या) आणि हायड्रोक्लोरिक अॅसिडच्या कॅनवर एकच चिन्ह आहे, म्हणून दोन्ही एका रॅकवर ठेवतो. बरोबर ना?

चूक, आणि आजच दुरुस्त करण्यासारखी. चिन्ह सांगते की अंगावर पडले तर काय होईल. शेजारच्या कॅनशी त्याचे जमते का, हे ते सांगत नाही. सोडियम हायपोक्लोराइटमध्ये अॅसिड मिसळले की क्लोरीन वायू सुटतो. त्यासाठी कॅन फुटावेच लागतात असे नाही, गळलेले दोन ओघळ एका ट्रेमध्ये भेटले तरी पुरते. वेगळे रॅक, वेगळे गळती-ट्रे, आणि ओतायची भांडीही वेगळी. कोणाशेजारी काय ठेवायचे नाही हे शीटच्या सातव्या आणि दहाव्या विभागात असते.

प्रश्न: एका ड्रमवर चार रंगांचा चौकोन आहे, त्यात निळ्या भागात ३ लिहिले आहे. शीटवर मात्र ‘श्रेणी ३’ म्हणजे कमी धोका असे दिसते. खरे कोणते?

दोन्ही खरे, पद्धती वेगळ्या. चार रंगांचा चौकोन अमेरिकेच्या एनएफपीए या अग्निसंरक्षण संस्थेच्या ७०४ क्रमांकाच्या मानकाचा. त्यात ० म्हणजे धोका नाही आणि ४ म्हणजे सर्वांत जास्त. निळा आरोग्याचा, लाल आगीचा, पिवळा अस्थिरतेचा, पांढरा खास सूचनांचा. जीएचएसमध्ये उलटे, श्रेणी १ सर्वांत घातक. म्हणून निळ्या चौकोनातला ३ गंभीर, आणि ज्वलनशील द्रवाची श्रेणी ३ तुलनेने मवाळ. तो चौकोन मुळात आग विझवायला आलेल्यांसाठी आहे. शीटमधला श्रेणीचा आकडा त्यात भरू नका.

‘मवाळ’वरही फार विसंबू नका. श्रेणी ३ म्हणजे फ्लॅश पॉइंट २३ ते ६० अंश. चाळीसचा द्रव जानेवारीतल्या पहाटे शांत असेल, पण वडोदऱ्यात मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली तो फ्लॅश पॉइंट ओलांडून बसलेला असतो.

प्रश्न: लेबल कोणत्या भाषेत? आमच्याकडे स्थानिक, बिहारचे आणि मध्य प्रदेशचे कामगार आहेत. सुपरवायझर मराठी असल्याने त्यांनी मराठीत लिहून दिले.

युरोपात जाणाऱ्या मालाला त्या त्या देशाची भाषा लागते. कारखान्यातल्या भांड्यांवर कामगार वाचतात ती भाषा हवी. तुमच्याकडे गुजराती आणि हिंदी, जोडीला इंग्रजी. मराठीत लिहायला हरकत नाही, पण एक अडचण आहे. आपण ‘धोका’ म्हणतो तेव्हा संकट म्हणतो, हिंदी माणूस ‘धोखा’ म्हणतो तेव्हा फसवणूक. ड्रमवर ‘धोका’ वाचून बिहारचा हेल्पर काय समजेल? हिंदीत ‘खतरा’ आणि गुजरातीत ‘भयजनक’ लिहा. चिन्हांचा अर्थही गृहीत धरू नका. छातीवरच्या चांदणीला ‘काहीतरी स्फोट’ समजणारे खूप असतात.

प्रश्न: पावसाळ्यात लेबले निघून येतात, उरलेल्यांवरची शाई सॉल्व्हंट लागून पुसली जाते. उपाय?

कागदी लेबल सोडा. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिस्टरचे स्टिकर घ्या आणि छपाई लेबल-प्रिंटरच्या रेझिन रिबनवर करा. मेणाच्या स्वस्त रिबनची अक्षरे एमईके (मिथाइल इथाइल किटोन) या सॉल्व्हंटच्या एका पुसण्यात जातात. नमुना घेऊन त्यावर तुमच्याच सॉल्व्हंटची चिंधी दहा वेळा फिरवून पाहा, मग ऑर्डर द्या. चिकटवण्याआधी ड्रमचे तेल आणि धूळ पुसा, ओल्या पत्र्यावर लावू नका. समुद्रमार्गे जाणाऱ्या मालाला बीएस ५६०९ या ब्रिटिश मानकाप्रमाणे तीन महिने समुद्राच्या पाण्यात टिकलेले स्टिकर मागतात.

लेबल झाकणावर कधीच नको, झाकणे अदलाबदल होतात. ते अंगावर, वरच्या अर्ध्या भागात. विश्वामित्री नदीचे पाणी गोदामात शिरले तर आधी खालचे लेबल जाते. समोरासमोर दोन लावा. युरोपीय मापे: ३ लिटरपर्यंत ५२ गुणिले ७४ मिलिमीटर, ५० लिटरपर्यंत ७४ गुणिले १०५, ५०० लिटरपर्यंत १०५ गुणिले १४८. दोनशे लिटरच्या ड्रमला हे शेवटचे, आणि त्यावरचे चिन्ह निदान ३२ मिलिमीटर बाजूचे.

वाहतुकीचा रंगीत चौकोन वेगळा, १०० मिलिमीटर बाजूचा, खालच्या कोपऱ्यात वर्गाचा आकडा. एकट्या ड्रमवर ज्योतीचा वाहतूक-चौकोन असेल तर जीएचएसची लाल चौकटीतली ज्योत गाळता येते. उद्गारचिन्ह आणि मानवाकृती मात्र ठेवायची.

प्रश्न: आम्ही फक्त देशातच माल विकतो. मग हे सगळे कशाला?

१९८९ चे घातक रसायनांचे निर्मिती, साठवण व आयात नियम आहेतच. त्यातला नियम १७ सांगतो की प्रत्येक भांड्यावर आत काय आहे, उत्पादक किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, आणि भौतिक, रासायनिक व विषारीपणाची माहिती हवी. भांडे फार लहान असेल तर टॅग किंवा सोबतचा कागद चालतो. म्हणजे ‘थिनर, ज्वलनशील’ देशातही अपुरेच होते.

प्रश्न: रिकामे ड्रम भंगारवाल्याला देण्याआधी लेबल काढावे का? तो ते कापून पत्रा विकतो.

न धुतलेल्या ड्रमवरून लेबल काढू नका. रिकामा ड्रम भरलेल्यापेक्षा जास्त भयंकर असतो, आणि हे हिशेबाने दिसते. टोल्युइनची वाफ हवेत सुमारे १.१ टक्के झाली की पेट घेते. दोनशे लिटरच्या ड्रममध्ये १.१ टक्के म्हणजे २.२ लिटर वाफ, वजनाने साधारण ८ ग्रॅम, म्हणजे १० मिलिलिटरहून थोडे कमीच द्रव. दोन चमचे! ड्रम उलटा करून निथळला तरी कडेच्या घडीत याहून जास्त उरते. त्यावर गॅस कटर लावला की झाकण उडते. भरलेल्या ड्रममध्ये वाफ आणि हवेला जागाच थोडी उरते.

शिवाय रसायन लागलेले रिकामे ड्रम हे २०१६ च्या घातक कचरा नियमांत अनुसूची १ मध्ये ३३.१ वर नोंदलेले आहेत. ते भंगारवाल्याला द्यायचे नसतात. प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या ड्रम धुणाऱ्या युनिटकडे पाठवायचे आणि तिथली पावती ठेवायची. धुवून झाल्यावर मात्र जुने लेबल पूर्ण खरवडून काढायला सांगा. त्यावर काट मारून नवे नाव मार्करने लिहिलेला ड्रम परत आला, तर उतरवून घेऊ नका.