तात्पर्य तोंडपाठ, तरी बसमध्ये नकला

भांडुपची एक आई. मुलगा तिसरीत. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) तिची तक्रार अशी: "रोज झोपताना गोष्ट सांगते. तात्पर्य विचारलं की फाडफाड सांगतो. आणि शाळेच्या बसमध्ये अडखळत बोलणाऱ्या एका मुलाच्या नकला करतो. मग गोष्टींचा उपयोग काय?"

बहुतेक घरांत गोष्ट चांगलीच असते, घोळ होतो शेवटच्या प्रश्नात. 'यातून आपण काय शिकलो?' म्हटलं की मुलाला कळतं, इथं एकच उत्तर चालतं. ते देऊन तो मोकळा होतो. त्यात 'दया' म्हणजे सिग्नलवर कुणाला नाणं देणं, एवढीच त्याची समजूत. नकलेशी तिचा संबंध त्याला दिसत नाही.

मी तिला नवं पुस्तक आणायला सांगितलं नाही. चिऊ-काऊचीच गोष्ट घेतली. शेणाचं घर वाहून गेलंय आणि कावळा मेणाच्या घराच्या दारात भिजत उभा आहे. दर जुलैत पाणी तुंबलेलं पाहणाऱ्या मुंबईच्या पोराला हे चित्र समजावावं लागत नाही. शिवाय चिमणी चांगली की वाईट, हे पटकन ठरत नाही. तिच्याही पदरात पिल्लू आहे. एक दुष्ट आणि एक देवमाणूस अशी गोष्ट असली की बोलायला काही उरतच नाही.

आठवड्यातून दोनदाच बसायचं, पंधरा-वीस मिनिटं, आणि झोपेच्या वेळी नाही. 'थांब, माझ्या बाळाला तीट लावते' असं चिमणी म्हणते, तिथं गोष्ट थांबवायची. 'बाहेर कावळ्याला काय वाटत असेल?' एवढं विचारून मनात दहापर्यंत मोजायचं. मोठ्यांना तिसऱ्या अंकालाच उत्तर सुचवायची घाई होते. 'माहीत नाही' आलं, तर 'चल, लिहून बघू'. पहिल्या दिवशी दाराबाहेरच्या कावळ्याच्या पाच ओळी, दुसऱ्या दिवशी दाराआतल्या चिमणीच्या पाच. ही दुसरी बाजू गाळली की मूल चिमणीला नावं ठेवून सुटतं. 'मदत केली' असं मोघम वाक्य आलं तर खोडू नये, 'म्हणजे नेमकं काय केलं?' विचारावं. मग 'कडी काढली', 'फडकं दिलं' असं कागदावर येतं. ऱ्हस्व-दीर्घ त्या दिवशी माफ.

पहिला आठवडा फसला. आईने मध्येच विचारलं, "आणि तू बसमध्ये करतोस ते बरोबर आहे का?" मुलाने पेन्सिल खाली ठेवली. कावळा-चिमणीबद्दल मूल मोकळं बोलतं, कारण तिथं दोष त्याचा नसतो. त्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं की संपलं. नकला थांबवायच्या त्या वेगळ्या वेळी, सरळ शब्दांत: 'त्याच्या बोलण्याची नक्कल केलेली चालणार नाही.' बसमधल्या मावशींना सांगून जागाही बदलून घ्यायची. गोष्टीचा परिणाम दिसेपर्यंत त्या दुसऱ्या मुलाने का सोसावं?

तिसऱ्या आठवड्यात नकला कमी झाल्या होत्या, बंद नव्हत्या. वहीत मात्र एक ओळ आली: 'कावळ्याने परत दार वाजवलं नाही, कारण ती परत थांबच म्हणणार.'

आईचा फोन आला, "आता यावर मी काय बोलू?"

'मग तो कुठे गेला?' एवढंच विचारा, आणि वही त्याच्याकडे सरकवा.