वाचकांचे प्रश्न : नदीकाठचा बहर

प्रश्न : मुलगा टोकियोत असतो. मार्चअखेर आम्ही दोघं जाणार आहोत. नदीकाठची चेरी हमखास दिसेल अशी तारीख कुठली? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : हमखास तारीख कुणीच देऊ शकत नाही, पण अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो. टोकियोत बहर साधारण मार्चच्या शेवटच्या आठवड्यात येतो. पहिली फुलं उघडल्यापासून पूर्ण बहरापर्यंत आठवडाभर जातो आणि पुढच्या आठवड्यात पाकळ्या गळून झाड पालवतं. तिथलं हवामान खातं यासुकुनी देवळाच्या आवारातल्या ठरलेल्या झाडावर पाच-सहा फुलं उमलली की बहर सुरू झाल्याचं जाहीर करतं. ऐंशी टक्के कळ्या उघडल्या की पूर्ण बहर. ही पहिली घोषणा झाल्यावर पाचव्या ते दहाव्या दिवसात नदी गाठा. मार्च उबदार गेला तर सगळं अलीकडे सरकतं, गारठा टिकला तर लांबतं. म्हणून 25 मार्च ते 4 एप्रिल असा सलग मुक्काम ठेवा. दोन-तीन दिवसांच्या धावत्या भेटीत हुकण्याचीच शक्यता जास्त. कारण तिथली बहुतेक झाडं सोमेई योशिनो या एकाच जातीची, आणि ती हापूससारखी कलमांनीच वाढवलेली. वाण एकच असल्यामुळे एका परिसरातली सगळी झाडं एकदम फुलतात आणि एकदमच झडतात. पूर्ण बहरानंतर वाऱ्यासह एक जोरदार सर आली की काम आटोपलं.

मेगुरो नदीसाठी नाका-मेगुरो स्टेशनवर उतरा. सुमारे चार किलोमीटर दोन्ही काठांनी झाडं आहेत. नदी काँक्रीटच्या खोल पाटातून वाहते, त्यामुळे काठावरून पाणी नीट दिसत नाही. पुलावर मधोमध उभं राहिलं की दोन्ही बाजूंच्या फांद्या पाण्यावर झुकलेल्या दिसतात. सकाळी आठच्या आत जा, संध्याकाळी चालायलाही जागा नसते. पाण्यावर पाकळ्यांची साय हवी असेल तर पूर्ण बहरानंतरचा चौथा-पाचवा दिवस धरा. मेगुरोकाठी बसायची सोय नाही. डबा घेऊन बसायचं तर सुमिदा नदीकाठची बाग बरी. चटई न्या, झाडाच्या मुळांवर पसरू नका, फांदी वाकवून फोटो काढू नका, कचरा परत आणा. पहाटे तापमान पाच-सात अंशांपर्यंत उतरतं, आपल्या अंगाला ते फार वाटतं. स्वेटरवर वारा अडवणारं जाकीट हवंच.

तारखा पुढे गेल्या तर उत्तरेला काकुनोदाते इथल्या हिनोकिनाई नदीचा बहर एप्रिलच्या उत्तरार्धात मिळतो. अलीकडे आल्या तर इझू द्वीपकल्पातली कावाझू नदी बघा : तिथली गडद गुलाबी जात फेब्रुवारीतच फुलते आणि बहर जवळपास महिनाभर टिकतो.

प्रश्न : ऑनलाइन ‘चेरी ब्लॉसम’चं रोप मिळतं. खाडीकाठच्या जागेत लावावं का? – एक वाचक, देवगड

उत्तर : नको. चेरीच्या कळीला हिवाळ्यात कित्येक आठवडे सलग थंडी लागते, तेव्हाच तिची झोप मोडते. किनाऱ्यावरची आपली थंडी तिच्या दृष्टीने थंडीच नव्हे. झाड जगलं तरी पानं अर्धवट झडतात, फूट मागेपुढे होते, फूल धरत नाही. आणि चार महिन्यांच्या पावसात मुळं कुजतात ते वेगळंच. भारतात चेरीच्या बहरासाठी प्रसिद्ध असलेलं शिलाँग डोंगरावर आहे, आणि तिथली जात नोव्हेंबरात फुलते.

त्या जागी काय लावायचं हे पाण्यावर ठरवा. उन्हाळ्यातल्या अमावास्येच्या भरतीला पाणी कुठवर चढतं ते बघा आणि चाखून बघा. पाणी खारट असेल तर करंज किंवा समुद्रफळ, दोघांनाही मचूळ पाणी सोसतं. गोडं असेल तर तामण, आपलं राज्यफूल. ओल्या काठावर त्याच्याइतकं खुलणारं झाड दुसरं नाही. मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की दोन फूट लांब-रुंद-खोल खड्ड्यात लावा, दोन झाडांत वीस ते पंचवीस फूट ठेवा. दाट लावलं की झाडं उंच सुटतात आणि फुलं नजरेच्या वर जातात. पहिली दोन वर्षं गुरांपासून कुंपण करा. तामणाची छाटणी करायचीच तर पावसानंतर करा. नव्या फुटीच्या टोकाला तुरे येतात, चैत्रात कात्री चालवली तर त्या वर्षीचा बहर गेला.

प्रश्न : आपल्याकडे पाण्यावर पाकळ्यांचा सडा बघायला मिळतो का? कुठे, कधी? – एक वाचक, राजापूर

उत्तर : मिळतो, आणि तो बघायला फार थोडे जातात याचं वाईट वाटतं. एप्रिल-मे महिन्यांत खाडीकाठचा करंज पांढरट-जांभळट फुलांनी भरतो. ती इतकी गळतात की झाडाखालची माती दिसत नाही. चेरीसारखं निष्पर्ण झाड मात्र मिळणार नाही, नवी हिरवी पालवी सोबत असते. त्याहून देखणं समुद्रफळ, काही ठिकाणी त्याला निवर म्हणतात. हात-हातभर लोंबत्या माळा, त्यावर केसरांचे गुलाबी-लाल झुपके. ही फुलं अंधार पडल्यावर उमलतात आणि सकाळी पाण्यात गळून पडतात. नऊ वाजता गेलात तर नुसत्या माळा दिसतील.

दिवस भरतीवरून ठरवा. कोळ्यांचा हिशेब सोपा आहे : तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सूर्योदयाच्या सुमारास पाणी भरलेलं. हा हिशेब दोन्ही पक्षांत चालतो. शिवाय अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाण्याला ओढ कमी, त्यामुळे फुलं काठाशी तरंगत राहतात. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात ती ओहोटीबरोबर तासाभरात निघून जातात. खाडीच्या मुखापासून जितकं आत जाल तितकी भरती उशिरा येते, म्हणून ठिकाण आत असेल तर अष्टमीऐवजी सप्तमी घ्या. वल्ह्याची होडी सांगा; इंजिनाच्या लाटेने सडा विस्कटतो. काठाच्या चिखलात उतरू नका, पाय मांडीपर्यंत रुततो. वाशिष्ठीसारख्या नदीत मगरी आहेत, तिथे पाण्यालगत बसणं टाळा.

प्रश्न : फेब्रुवारीत आमच्या गडग्यावरच्या बिनपानांच्या फांद्या गुलाबी फुलांनी भरतात. लोक चेरी म्हणून फोटो पाठवतात. ती चेरी आहे का? – एक वाचक, कुडाळ

उत्तर : नाही, ते गिरिपुष्प. एक फूल तोडून बघा : चेरीला पाच सुट्या पाकळ्या असतात, याचं फूल वालाच्या फुलासारखं. यालाच उंदीरमारी म्हणतात. बी आणि साल विषारी, मुलांच्या हाती शेंगा देऊ नका. पाला मात्र हिरवळीच्या खताला उत्तम. बहर हवा असेल तर कुंपणाची छाटणी पावसाळ्यात उरका, दिवाळीनंतर फांद्यांना हात लावू नका.